ठिपका द्यावा की जागा सोडावी?

हॅस्केल शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकते. फंक्शन वापरण्यासाठी या भाषेत चिन्हच नाही. शाळेच्या गणितात आपण फ(क) लिहिलं, सी आणि पायथॉनमध्ये फ(क, ख) लिहिलं. हॅस्केलमध्ये लिहायचं फ क ख. कंस नाही, स्वल्पविराम नाही, मध्ये फक्त मोकळी जागा. (या लेखात कोडमधली नावं मी देवनागरीतच लिहितो आहे. फ आणि ग ही फंक्शन्स, क आणि ख ही त्यांना दिलेली मूल्यं.)

ही मोकळी जागा पुण्यात एकदा बदलली गेली होती. १९९० च्या दशकात पुणे विद्यापीठात (आताचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) रुस्तम मोदी फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवत. त्या काळी गोफर नावाची, हॅस्केलच्या अगदी जवळची एक छोटी भाषा होती. मार्क जोन्स यांनी ऑक्सफर्डला असताना, १९९१ च्या सुमारास ती तयार केली. साध्या पीसीवर चालायची, सीमध्ये लिहिलेली होती आणि तिचा सोर्स कोड मिळत होता. पुण्यात त्या गोफरमध्ये फेरफार करून शिकवण्यापुरती एक बोली तयार झाली. तिचं नाव पुगोफर. तिच्यात फ क ऐवजी फ.क लिहायचं.

हा ठिपका मूळ एड्सगर डाइकस्ट्रा यांचा. शोल्टेन यांच्याबरोबर लिहिलेल्या १९९० च्या पुस्तकात ते सगळीकडे फ.क असंच लिहितात, आणि आपण निवडलेली चिन्हं का निवडली याची कारणं त्यांनी २००० साली एका टिपणात मांडली. पुगोफरचं वेगळेपण हे की इथे ठिपका कागदावर राहिला नाही, तो मशीनलाही समजायला लागला.

गोफरमधून पुढे हग्ज आलं, हॅस्केल जगभर गेलं, आणि ठिपका मागे राहिला. म्हणून तो चुकीचा होता का? माझं मत आधीच सांगतो. तो वर्गासाठी बरोबर होता आणि वर्गाबाहेर महाग होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे नीट समजलं तर संशोधनात नवं नोटेशन समोर आल्यावर त्याची परीक्षा कशी करायची तेही समजेल. आणि ते तुम्हाला करावं लागणारच आहे, कारण प्रोग्रॅमिंग भाषांवरचे कितीतरी पेपर वाचणाऱ्याला आधी स्वतःचं नोटेशन शिकायला लावतात.

ठिपक्यामुळे काय दिसतं

समजा फ चा टाइप असा आहे:

फ :: इंट -> इंट -> इंट

यात दोन बाण आहेत. फ.क लिहिलं की एक बाण खर्च झाला, उरला इंट -> इंट. फ.क.ख लिहिलं की दुसराही खर्च झाला, उरला नुसता इंट. प्रत्येक ठिपका एक बाण खातो. फळ्यावर हे पाच मिनिटांत दाखवता येतं आणि करींग म्हणजे काय ते विद्यार्थ्याला मोजून कळतं. फ क ख मध्येही अगदी हेच घडतं, पण रिकाम्या जागा मोजायची सवय कुणाच्या डोळ्याला नसते.

आता नवशिक्यांची ठरलेली चूक बघा. "क ला ग लावा, जे येईल ते फ ला द्या" असं म्हणायचं असतं आणि लिहिलं जातं फ ग क. हॅस्केल ते (फ ग) क असं वाचतं आणि टाइप जुळत नाहीत म्हणून भलामोठा एरर देतं. ठिपक्याने ही चूक टळते का? नाही. फ.ग.क सुद्धा (फ.ग).क असंच वाचलं जातं. ठिपक्याचे समर्थक बोलण्याच्या भरात हे विसरतात. पण एक फरक पडतो. चिन्ह दिसलं की त्याच्याबद्दल प्रश्न विचारता येतो. १० - ५ - २ दिसल्यावर "आधी डावीकडचं की उजवीकडचं?" हे आपण शाळेतच विचारलेलं असतं. तोच प्रश्न ठिपक्याबद्दल आपोआप सुचतो. रिकाम्या जागेबद्दल तो सुचायला आधी ती जागा म्हणजे एक क्रिया आहे हे कळायला हवं, आणि नेमकं तेच नवशिक्याला कळलेलं नसतं.

म्हणजे ठिपक्याचा फायदा खरा आहे, पण जेवढा सांगितला जातो तेवढा नाही. तो चूक थांबवत नाही. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा देतो.

स्वस्त चिन्ह कुणाला?

मग हॅस्केलने ठिपका का घेतला नाही? घेतला, पण दुसऱ्या कामासाठी. हॅस्केलमध्ये ठिपका म्हणजे दोन फंक्शन्सची जोडणी: (फ . ग) म्हणजे आधी ग, मग फ. आणि इथे मुद्दा बदलतो. "जागा सुंदर की ठिपका सुंदर" हा प्रश्न बाजूला पडतो आणि कुठलं चिन्ह कुठल्या क्रियेला द्यायचं हा प्रश्न समोर येतो.

कीबोर्डवर आणि कागदावर काही चिन्हं स्वस्त असतात. सर्वात स्वस्त मोकळी जागा, त्यानंतर ठिपका. हॅस्केलने सर्वात स्वस्त गोष्ट फंक्शन वापरण्याला दिली आणि दुसऱ्या नंबरची फंक्शन्स जोडण्याला. त्यामुळे हॅस्केल लिहिणारे सहज जोडत सुटतात. क चं नावही न घेता चार फंक्शन्स ठिपक्यांनी ओवून एक नवीन फंक्शन करतात. यादीवरचा एक प्रसिद्ध नियम बघा:

मॅप फ . मॅप ग = मॅप (फ . ग)

यादीवरून दोनदा फिरण्याऐवजी एकदाच फिरा, एवढंच तो सांगतो. हॅस्केलमध्ये तो एका ओळीत, एकही मूल्य न आणता लिहिता येतो. ठिपका जर फंक्शन वापरण्यासाठी खर्च केला असेल, तर जोडणीला दुसरं चिन्ह शोधावं लागतं आणि तीच ओळ अशी होते:

मॅप.फ ∘ मॅप.ग = मॅप.(फ ∘ ग)

चुकीचं काहीच नाही. पण जोडणीचं चिन्ह आता कीबोर्डवर नाही आणि ओळ थोडी दाट झाली. फंक्शन्सना फंक्शन्स जोडून सिद्धता करणाऱ्याला हे नोटेशन जड वाटेल. मूल्य हातात धरून एकेक पायरी पुढे सरकणाऱ्याला ते सोयीचं वाटेल. डाइकस्ट्रा दुसऱ्या पद्धतीचे होते, म्हणून त्यांना ठिपका वापरण्याच्या क्रियेला द्यावासा वाटला यात आश्चर्य नाही.

माझ्या मते सिंटॅक्सच्या वादात हाच प्रश्न आधी विचारायला हवा: या भाषेने स्वस्त चिन्ह कुठल्या कामाला दिलं, आणि ते काम तिला लोकांकडून जास्त का करून घ्यायचं आहे? तिसऱ्या आठवड्यातल्या विद्यार्थ्याचं उत्तर एक असेल, तिसऱ्या वर्षातल्या संशोधकाचं दुसरं.

हॅस्केलच्या ठिपक्याची पुढची गंमत बघा. तो मॉड्यूलच्या नावातही येतो, जोडणीतही येतो, आणि २०२१ मध्ये आलेल्या जीएचसी ९.२ पासून, एक्स्टेन्शन सुरू केलं तर, रेकॉर्डमधलं फील्ड काढायलाही येतो. आता ठिपक्याच्या आजूबाजूला जागा सोडली की नाही यावर अर्थ ठरतो. स्वस्त चिन्हावर सगळ्यांचाच डोळा असतो.

दोन्ही ठेवा म्हणणारी कमिटी

निवड टाळायची एक तिसरी वाट आहे: दोन्ही रीती ठेवायच्या. हॅस्केलच्या कमिटीने एका ठिकाणी हेच केलं. १९८७ मध्ये पोर्टलंडच्या परिषदेत भाषा करायचं ठरलं आणि पहिला अहवाल १ एप्रिल १९९० ला आला. पॉल ह्युडॅक, जॉन ह्यूज, सायमन पेटन जोन्स आणि फिलिप वाडलर यांनी २००७ मध्ये या भाषेचा इतिहास लिहिला. त्यात ते मोकळेपणाने सांगतात की एक गट समीकरणांच्या रीतीचा होता, दुसरा एक्स्प्रेशनच्या रीतीचा. एका गोष्टीसाठी एकच रीत असावी असं आधी सगळे धरून चालले होते. जोरदार वाद झाला, आणि शेवटी ते गृहीतच सोडून दोन्ही रीतींना पूर्ण जागा दिली गेली. म्हणून हॅस्केलमध्ये व्हेअर आहे आणि लेटही आहे, गार्ड आहेत आणि इफही आहे.

बरेच शिक्षक सांगतात की व्हेअर आणि लेट सारखेच, आवडेल ते वापरा. हे बरोबर नाही. कापसाच्या बिलाचं हे उदाहरण घ्या. घट आणि वाहतूक हे आकडे आधीच ठरलेले आहेत असं समजा.

बिल वजन भाव
  | निव्वळ < १० = निव्वळ * भाव
  | अन्यथा = निव्वळ * भाव + वाहतूक
  व्हेअर निव्वळ = वजन - घट

इथे निव्वळ हे नाव दोन्ही गार्डमध्ये आणि दोन्ही उत्तरांमध्ये चालतं, कारण व्हेअर पूर्ण समीकरणाला चिकटलेलं असतं. लेट हे एका एक्स्प्रेशनचा भाग असतं. ते पहिल्या उत्तरात लिहिलं तर दुसऱ्या उत्तराला निव्वळ दिसणारच नाही, आणि गार्डलाही नाही. लेट वापरायचं तर गार्ड सोडून इफ घ्यावं लागेल. उलट लेट कुठेही, अगदी एखाद्या फंक्शनला द्यायच्या मूल्याच्या आतसुद्धा लिहिता येतं. व्हेअरला तसं कुठेही घुसता येत नाही. वाचण्याचा क्रमही उलटा आहे. व्हेअर आधी निष्कर्ष सांगतं आणि मग तपशील. लेट आधी तपशील मांडतं.

कमिटीचं कौतुक करायचं ते तिने हा फरक दडपला नाही म्हणून. टीका करायची ती अशी, की न झालेल्या निर्णयाचं ओझं वाचणाऱ्यावर गेलं. लिहिणारा एक रीत निवडून मोकळा होतो. वाचणाऱ्याला दोन्ही यायला लागतात, कारण पुढचा पेपर कुठल्या रीतीत असेल ते त्याच्या हातात नाही.

याच कमिटीच्या काळातला वाडलर यांचा अर्धा गमतीचा नियम प्रसिद्ध आहे. एखाद्या मुद्द्यावर किती वेळ वाद होईल? अर्थाला एक पट, सिंटॅक्सला दुप्पट, अक्षरं-चिन्हं ओळखण्याच्या नियमांना चौपट, आणि कॉमेंट कशी लिहायची याला आठपट. हसून सोडून देऊ नका. ज्यावर कुणालाही मत देता येतं त्यावर सगळे मत देतात, म्हणून तिथे पुरावा मागणं जास्त गरजेचं.

पुरावा काय म्हणतो

अँड्रियास स्टेफिक आणि सुझाना सीबर्ट यांचा २०१३ चा अभ्यास या विषयात वाचलाच पाहिजे. त्यांनी प्रोग्रॅमिंग नवीन असलेल्या लोकांना वेगवेगळ्या सिंटॅक्स दिल्या. त्यात एक भाषा अशी होती की तिचे शब्द जवळजवळ चिठ्ठ्या टाकून ठरवलेले. पर्ल आणि जावाच्या सिंटॅक्समध्ये लिहिणाऱ्यांची अचूकता त्या चिठ्ठ्यांच्या भाषेपेक्षा ठळकपणे जास्त निघाली नाही. पायथॉन, रुबी आणि लेखकांची स्वतःची क्वोरम यांत मात्र फरक दिसला.

यावरून "सिंटॅक्स महत्त्वाची असते" एवढं म्हणता येतं. "म्हणून ठिपका चांगला" असं म्हणता येत नाही. तिथे फंक्शनल भाषेचा प्रश्न नव्हता आणि मोजलं गेलं ते नवख्या माणसाचं सुरुवातीचं काम. दोन वर्षं एकच नोटेशन वापरल्यावर हात कसा बसतो, हा वेगळा प्रश्न आहे. आणि जिंकलेल्या भाषांपैकी एक लेखकांचीच आहे, हेही वाचताना लक्षात ठेवा. त्यांनी ते लपवलेलं नाही. चांगल्या अभ्यासाचाही आवाका तपासायचा असतो, एवढंच.

किंमत कुणाच्या खिशातून

सिंटॅक्सची प्रत्येक निवड कुणाला तरी महाग पडते. ज्याला पडते तो बहुतेक वेळा ठरवणाऱ्यांमध्ये नसतो. एक उदाहरण थेट आपल्या लिपीचं.

हॅस्केलमध्ये टाइप आणि कन्स्ट्रक्टरचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावं लागतं, व्हेरिएबलचं स्मॉलने. नियम उगाच नाही. स्टँडर्ड एमएलमध्ये तो नाही, आणि तिथे पॅटर्नमध्ये कन्स्ट्रक्टरचं स्पेलिंग चुकलं तर कंपायलर त्याला नवीन व्हेरिएबल समजतो. ते व्हेरिएबल काहीही आलं तरी जुळतं, आणि प्रोग्रॅम गुपचूप चुकीचं उत्तर देतो. कॅपिटलच्या नियमाने हॅस्केलमध्ये ही चूक लगेच पकडली जाते. पण देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही. जीएचसी अशी अक्षरं स्मॉल धरतो. म्हणून क हे व्हेरिएबलचं नाव होऊ शकतं, टाइपचं होऊ शकत नाही. जपानी लिहिणाऱ्यांचंही हेच. एका खऱ्या चुकीपासून सगळ्यांना वाचवणाऱ्या नियमाची किंमत ज्यांच्या लिपीत दोन आकारांची अक्षरं नाहीत ते मोजतात. नियम काढून टाका असं मी म्हणत नाही. पण तो "नैसर्गिक" आहे असं कुणी म्हणालं तर कुणासाठी, हे विचारा.

दुसरं उदाहरण हार्डवेअरचं. ब्लूस्पेक ही चिप डिझाइन करायची फंक्शनल विचारांवर उभी असलेली भाषा. २००० च्या सुमारास लेनार्ट ऑगस्टसन यांनी तिचं पहिलं रूप हॅस्केलच्या वळणावर केलं. चिप करणाऱ्या इंजिनिअरांना ते परकं वाटलं, म्हणून पुढे सिस्टिमव्हेरिलॉगच्या वळणाची दुसरी सिंटॅक्स आली: बिगिन, एंड, अर्धविराम, सगळं ओळखीचं. आत कंपायलर एकच. २०२० मध्ये तो मुक्त झाला आणि आजही दोन्ही रूपं वाचतो. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर या दुसऱ्या रूपात लिहिलेला आहे.

माझा तालुका झरी जामणी, तेलंगणाच्या सीमेवरचा. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. सीमेवरच्या माणसाला दुकानदाराने गिऱ्हाइकाची भाषा बोलावी हे सांगावं लागत नाही. भाव तोच, बोली गिऱ्हाइकाची. ब्लूस्पेकने हेच केलं आणि ते बरोबर केलं, कारण अर्थ ठाम एका जागी ठेवून बोली बदलली, आणि दोन्ही बोलींचा कंपायलर सगळ्यांना मिळतो.

पुगोफरची अडचण इथे दिसते. त्याने बोली बदलली, पण ती बोली बाहेर कुणी बोलत नव्हतं. ज्याचा शिक्षक समोर आहे त्याला ठिपक्याचा फायदाच फायदा. पण एखादा विद्यार्थी तालुक्याच्या गावी बसून, एक पुस्तक आणि एक मोबाईल यांच्या भरवशावर शिकत असेल, तर त्याच्यासाठी सिंटॅक्स म्हणजे "अडलं तर कुणाला विचारू" हा प्रश्न असतो. पुस्तकात फ क, एरर मेसेजमध्ये फ क, जगातल्या प्रत्येक पेपरात फ क. त्याला ठिपका शिकवून सोडून देणं म्हणजे चांगली पाटी देऊन शाळा बंद करणं.

तरी पुगोफरचा निर्णय त्या काळात मला योग्य वाटतो. १९९० च्या दशकात लॅबमधलं मशीन आणि शिक्षकाच्या नोट्स हेच विद्यार्थ्याचं बहुतेक जग होतं. त्या जगाची बोली शिक्षकाने बदलली तर विद्यार्थी फार कशापासून तुटत नव्हता, आणि लिहिलेलं मशीन तपासून देत होतं. आज तेच कुणी करायला गेलं तर मी विरोध करेन. आज ठिपका फळ्यावर वापरावा, पहिले दोन-तीन आठवडे, आणि मग मुद्दाम पुसून मोकळी जागा दाखवावी. म्हणजे त्या जागेत काय आहे ते विद्यार्थ्याला आधीच माहीत असेल.

तुमच्यासाठी काम

पुढच्या वेळी पेपरात "आम्ही अधिक सोपी सिंटॅक्स देतो" हे वाक्य दिसलं की समासात चार प्रश्न लिहा. कुणाला सोपी, आणि शिकण्याच्या कितव्या आठवड्यात? स्वस्त चिन्ह कुठल्या क्रियेला दिलं आणि कुठली क्रिया महाग झाली? दोन रीती खरंच समान आहेत, की व्हेअर आणि लेटसारखा नावाच्या आवाक्याचा फरक आत दडला आहे? आणि हे नोटेशन शिकलेला माणूस उद्या दुसऱ्याचं लिखाण वाचू शकेल का?

आता एक सराव. वर दिलेला मॅपचा नियम यादीवर इंडक्शनने सिद्ध करा. एकदा मोकळ्या जागेने, एकदा ठिपक्याने, दोन्ही कागदावर, पेनाने. प्रत्येक पायरीसमोर कुठला नियम वापरला ते लिहा आणि कंस मोजा. कुठल्या प्रतीत तुमचा हात कुठे अडखळला, तेही नोंदवा. तासाभराचं काम आहे. कुठली सिंटॅक्स चांगली यावर तुमचं जे मत होईल, ते त्यानंतरच बोला. तेव्हा त्यामागे दाखवायला दोन कागद असतील.